कोट ऑफ आर्म्स, शिक्का आणि निशाणी : घराण्याची खूण कशी शोधावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराणे साताऱ्याकडचे, आडनाव देशमुख, सध्याचा मुक्काम इंग्लंडात. इंटरनेटवरच्या एका दुकानाने फक्त आडनाव विचारून ढाल, दोन सिंह, मुकुट आणि खाली फितीवर आडनाव असे ‘कोट ऑफ आर्म्स’ पाठवले आहे. देवघरात एक जुना पितळी शिक्का आहे आणि काही मोडी कागदांच्या झेरॉक्स आहेत. दुकानाचे चित्र खरे का, आणि नसेल तर खरे चिन्ह कुठे मिळेल, असे विचारले आहे.

चित्र बाजूला ठेवा. ते तुमचे नाही, आणि दुसऱ्या कुठल्या देशमुखांचेही नाही. ढालीवरची वंशचिन्हे युरोपात बाराव्या शतकात रुजली. तेव्हापासून आजतागायत इंग्लंडात ती व्यक्तीला मिळतात आणि तिच्या औरस वंशजांकडे जातात. आडनावाला चिन्ह नसते. एकाच आडनावाच्या दहा इंग्रज घराण्यांची दहा वेगळी चिन्हे असू शकतात आणि बाकीच्या हजारो घरांना एकही नसते. लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून हे काम पाहते. स्कॉटलंडमध्ये तो अधिकार लॉर्ड लायन या चिन्हाधिकाऱ्याचा आहे आणि तिथली नोंदवही १६७२ च्या कायद्याने सुरू झाली. आडनाव सांगा, चिन्ह घ्या, हा धंदा त्या देशांतही फसवाच मानला जातो. आपल्याकडे तर देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही मुळात पदे. कोकणातला देशमुख आणि वऱ्हाडातला देशमुख यांच्यात नात्याचा धागा असेलच असे नाही, मग दोघांची एक ढाल कुठून येणार?

मराठी घराण्यांना ढालीची चिन्हे कधी मिळालीच नाहीत असे मात्र नाही. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत लॉर्ड लिटनने दरबार भरवला, तेव्हा संस्थानिकांना रेशमी निशाणे दिली गेली आणि प्रत्येकावर युरोपीय धाटणीचे चिन्ह होते. ही चिन्हे बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने रचली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा नाग त्या चौकटीत बसला. बडोद्याच्या चिन्हाखाली ‘जीन घर जीन तख्त’ हे ब्रीद आहे. पुढे संस्थानांचे लेटरहेड, स्टँप पेपर, कोर्ट फी तिकिटे, पदके, दरवाजांवरची लोखंडी नक्षी यांवर ही चिन्हे पसरली. पण हा मान राज्य करणाऱ्यांचा होता. सातारा १८४८ मध्येच खालसा झाले होते, नागपूर १८५४ मध्ये. त्यामुळे या दोन्ही राज्यांच्या पदरच्या सरदार-देशमुखांच्या नावे १८७७ चे चिन्ह निघण्याची शक्यता जवळपास नाही. तुमचे घराणे फलटण, औंध, भोर, जत, सांगली अशा एखाद्या संस्थानाच्या नोकरीत असेल आणि घरी तिथले चिन्ह छापलेला कागद असेल, तर तो मालकाच्या चिन्हाचा कागद आहे. सरकारी लिफाफ्यावरचे सिंह जसे कारकुनाचे नसतात, तसेच.

मग आपल्याकडे घराण्याची खूण कोणती? चार गोष्टी लोक एकमेकींत मिसळतात आणि तिथेच बहुतेक शोध भरकटतात.

देवक हे लग्नविधीतले कुलचिन्ह आहे. कळंब, मोरवेल, पंचपल्लव वगैरे. एका देवकात सोयरीक होत नाही, एवढ्यापुरते ते वंशशोधाला उपयोगी पडते. त्याला ढालीवर चढवण्याची परंपरा नाही. दुसरी गोष्ट शहाण्णव कुळींच्या छापील याद्यांतली. त्यांत प्रत्येक कुळापुढे गादीचा रंग, निशाण, घोडा, गोत्र, देवक असे रकाने असतात. दोन याद्या समोरासमोर ठेवल्या की एकाच कुळाचे रंग वेगळे दिसतात. समकालीन कागदाचा आधार मिळाल्याशिवाय या रकान्यांना पुरावा म्हणू नये. तिसरी गोष्ट निशाणी आणि चौथी शिक्का. खरा माल या दोहोंत आहे.

निशाणी म्हणजे महजरावर (गावसभेच्या निवाडपत्रावर) किंवा वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या कागदावर हजर माणसांनी केलेली खूण. लिहिता येणारा ‘दस्तुर खुद्द’ म्हणून अक्षर घालतो. बाकीच्यांच्या नावापुढे आपापल्या कामाचे हत्यार रेखाटलेले असते. पाटील-कुणब्यांचा नांगर, शेट्याची तराजू, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. रेषा दोनचारच, पण गावगाड्याचे चिन्हशास्त्र त्यात दिसते. इथे एक सावधगिरी. नांगर तुमच्या एका घराचा नाही. पंचक्रोशीतल्या सगळ्या पाटलांचा तो तसाच आहे. म्हणून निशाणी सापडली की ‘आमचे चिन्ह सापडले’ असे न म्हणता ‘आमचे वतन अमुक गावी अमुक साली होते’ असे लिहून ठेवा. वंशावळीसाठी हे चिन्हापेक्षा जास्त मोलाचे आहे.

शिक्का मात्र व्यक्तीचा किंवा अधिकाराचा असतो. युरोपीय चिन्हाचे काम आपल्याकडे शिक्क्याने केले आणि ते चित्राने न करता मजकुराने केले. आदिलशाही-निजामशाहीतल्या शिक्क्यांवर बहुधा फारसी मजकूर असतो. शिवाजी महाराजांची अष्टकोनी संस्कृत मुद्रा सर्वांना ठाऊक आहे, संभाजी महाराजांची पिंपळपानी. पुढे शाहूकाळात ठरावीक साचा झाला. पेशव्यांच्या शिक्क्यात ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’ असा क्रम येतो: आधी राजा, मग मालक आणि त्याच्या बापाचे नाव, शेवटी पद. सरदारांच्या शिक्क्यांत राजाच्या जागी कुलदैवतही येते. होळकरांच्या शिक्क्यात म्हाळसाकांत, शिंद्यांच्या शिक्क्यात ज्योतिस्वरूप, आणि पुढे ‘चरणी तत्पर, अमुकसुत तमुक’. वंशशोधकाने हा ‘सुत’ सोडायचा नाही. एवढ्याशा पितळी तुकड्यावर बाप, मुलगा, दैवत आणि धनी यांची नावे एकत्र मिळतात. ढालीवरचे सिंह इतके कधी सांगत नाहीत.

आता तुमचा शिक्का. पहिली कसोटी अशी की धातूवरची अक्षरे उलटी, आरशात दिसावीत तशी कोरलेली हवीत. धातूवर सरळ वाचता येत असतील तर ती शोभेची वस्तू, देवाचा टाक किंवा अलीकडची नक्कल आहे. दुसरी कसोटी अक्षराच्या घाटाची. छापखान्यातल्या टंकासारखी एकसारखी, सगळ्या वळणांना समान जाडीची अक्षरे जुन्या शिक्क्यात नसतात. जागा संपत आली की कोरणारा अक्षरे दाबून बसवतो, ओळ मोडताना शब्द मध्येच तोडतो, शेवटचे अक्षर वरच्या रिकाम्या कोपऱ्यात टाकतो. वाचताना म्हणून ओळींचा क्रम एकदम ठरवू नका. सगळी अक्षरे सुटी उतरवून घ्या आणि साच्यात बसवून पाहा. चंद्र-सूर्य बहुतेक शिक्क्यांत येतात, त्यांवरून सूर्यवंश-चंद्रवंश काढू नका.

शिक्का चिंच, राख किंवा पॉलिश लावून घासू नका. कडा झिजतात आणि मात्रा-वेलांट्या आधी जातात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. मोबाइल सरळ वर धरून, दिवा एका बाजूने जवळजवळ आडवा ठेवून चार दिशांनी चार फोटो घ्या. शेजारी मोजपट्टी असू द्या. मग फोटो संगणकावर आडवा उलटवा, अक्षरे सुलटी होतील. ठसा हवाच असेल तर मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीवर हलक्या हाताने घ्या. लाखेवर घेऊ नका, कारण ती गरम असते आणि खोबणीत चिकटून बसते. वर्णनात आकार, लांबी-रुंदी, वजन, मागच्या मुठीचा प्रकार आणि मजकूर ओळीनुसार लिहा. जिथे अक्षर लागत नाही तिथे टिंबे द्या, अंदाजाने भरू नका.

काळ ठरवताना एक खड्डा हमखास लागतो. ‘राजा शाहू’ दिसले की लोक १७०८ ते १७४९ म्हणून मोकळे होतात. साताऱ्याच्या गादीवर १७७७ ते १८०८ या काळात दुसरे शाहू होते. तसेच ‘राजा संभाजी’ म्हणजे शिवाजी महाराजांचे पुत्र असू शकतात किंवा १७१४ ते १७६० चे कोल्हापूरचे संभाजी. निव्वळ नावावरून निवाडा होत नाही. तो शिक्का उमटलेला मितीचा कागद सापडला तरच होतो.

मिती वाचायला शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत चालणारी अरबी शब्दांतली वर्षगणना, यायला हवे. कागदात ‘सु॥ इहिदे अशर मया व अलफ’ असे अरबी संख्याशब्द एककापासून वर लिहिलेले असतात (‘सु॥’ म्हणजे शुहूर). इहिदे एक, अशर दहा, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११११. त्यात ५९९ मिळवले की १७१०. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्याने जानेवारीनंतरच्या महिन्यांना ६०० मिळवायचे. शकात ७८, वर्षाच्या शेवटच्या टप्प्यात ७९. फसली या महसुली सनात ५९०, किंवा जानेवारीनंतर ५९१. राज्याभिषेक शकात १६७३ किंवा १६७४. ‘छ’ आणि पुढे आकडा असेल तर तो मुसलमानी महिन्याचा चंद्र आहे, म्हणून ‘छ १२ रमजान’ला मराठी तिथी समजू नका. एकाच कागदात शुहूर आणि शक दोन्ही असतील आणि त्यांची ईसवी जुळत नसेल, तर आधी आपले वाचन पुन्हा तपासा. दहातल्या नऊ वेळा चूक तिथेच असते. तरीही जुळेना तर कागद नक्कल आहे का हे पाहा.

कागदावरचा शिक्का कुठे आहे यालाही अर्थ आहे. मुख्य शिक्का सहसा सुरुवातीकडे असतो. मोर्तब म्हणजे लहान शिक्का मजकुराच्या शेवटी, ‘लेखनसीमा’ किंवा ‘मर्यादेयं विराजते’ अशा शब्दांचा. पुढे कोणी ओळ घुसडू नये म्हणून तो असतो. लांब कागद अनेक बंदांचा, म्हणजे एकमेकांना चिकटवलेल्या तुकड्यांचा असेल तर पाठीमागे सांध्यावरही शिक्के दिसतात. झेरॉक्स काढणारे पाठीमागची बाजू सोडून देतात आणि ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ यांसारखे दफ्तरी शेरे त्याच बाजूला असू शकतात. तेव्हा मूळ कागद हाताशी असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो पुन्हा घ्या. लॅमिनेशन अजिबात करू नका. ते काढताना कागद जातो.

शिक्का वाचला तरी तो तुमच्या पूर्वजाचाच, हे वेगळे सिद्ध करावे लागते. देवघरात काय काय येते! लिलावातून, माहेरून, दत्तकातून, कर्जाच्या तारणातून. त्यासाठी वंशावळ आजपासून मागे न्यायची. शिवकाळातला एखादा नामांकित देशमुख धरून पुढे यायचे नाही. वरून खाली येणारी वंशावळ बहुधा हव्या त्या घरी येऊन पोहोचते.

मागे जाण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. शाळेचे दाखले आणि सातबारा. मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातले जुने फेरफार, विशेषतः वारसाचे. त्यात मयताचे नाव, तारीख आणि वारसांची नाती येतात. मग गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाने लिहिलेली जन्म-मृत्यूची नोंद. जुन्या वह्या मोडीत आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात अनेक जिल्ह्यांनी अशा वह्यांच्या प्रतिमा आपल्या संकेतस्थळांवर टाकल्या, तेव्हा परदेशातून सुरुवात तिथून करता येईल. त्याच्या मागे १८७४ च्या वतन कायद्याखालची रजिस्टरे. देशमुखांसाठी ती फार उपयोगाची, कारण तक्षिमा, म्हणजे वतनातले वाटे, ठरवताना वंशवृक्ष जोडावा लागे. परगणे वतने १९५० च्या कायद्याने गेली, त्या वेळच्या भरपाईच्या कागदांतही वारसदारांची नावे आहेत.

१८५० च्या आसपास पोहोचलात की इनाम कमिशन, म्हणजे इनामांचे हक्क तपासणारी इंग्रज सरकारची चौकशी. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनामदार-वतनदारांकडून हक्काचा पुरावा मागितला गेला आणि लोकांनी आपल्या कैफियती, जुन्या सनदांच्या नकला, वंशावळी दाखल केल्या. हे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला आपण पेशवे दप्तर म्हणतो, तिथे आहे. इथे सातारा महाराज दप्तर, शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पथके असे वेगवेगळे विभाग आहेत आणि कागद रुमालात बांधलेले आहेत. तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: आधी इनाम कमिशन, मग सातारा महाराज आणि शाहू दप्तर, रोजकीर्द सर्वांत शेवटी. रोजकीर्द म्हणजे रोजचा जमाखर्च आणि हुकूम. साल-महिना माहीत नसेल तर त्यात शिरून महिने जातात. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर संपादलेले ४५ भाग छापील आहेत, पण ती निवड राजकारणाच्या अंगाने केलेली आहे. एखाद्या देशमुखीचा वाद त्यात सापडला तर नशीब.

मागणी करताना ‘तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा’ असे लिहून भागत नाही. कागद प्रांत वाई, प्रांत कऱ्हाड, त्याखाली संमत किंवा तर्फ, त्याखाली मौजे किंवा कसबे अशा जुन्या उतरंडीने लावलेले आहेत. तुमच्या गावाचा जुना विभाग आधी काढा. नावही आडनावाने शोधू नका. कागदात ‘येसाजी बिन कान्होजी देशमुख परगणे अमुक’ असे असते, आणि घराण्याचे मूळ उपनाव वेगळेच निघू शकते. ‘बिन’ म्हणजे अमुकचा मुलगा, तोच तुमचा दुवा. पुण्यातच भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० मध्ये वि. का. राजवाडे यांनी स्थापलेले. तिथे घराण्यांकडून आलेली खासगी दफ्तरे आहेत. दुसऱ्या भावकीने आपले कागद तिथे दिले असण्याची शक्यता खरोखर असते. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, पण अर्थ सांगून लिहिलेला गोषवारा स्वीकारू नका. ओळीला ओळ मागा.

दफ्तराबाहेरचे दोन मार्ग आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूने स्वतः सांगितलेली वडील, आजोबा, भाऊ, मुलगे अशी नावे असतात. गाव आणि जात सांगितली की नेमका उपाध्याय कळतो. दक्षिण साताऱ्यापासून सांगली-कोल्हापूर-बेळगावकडे हेळवी, म्हणजे वंशावळीच्या वह्या बाळगणारे फिरते लोक, येतात आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात. वही मागे जाईल तशी तीत शौर्य वाढत जाते, म्हणून अलीकडचे सात-आठ पुरुष घ्या आणि त्यापलीकडचे कागदाने ताडून पाहा. एक साधा हिशोब लागू करा: पिढी पंचवीस ते तीस वर्षांची. १७०० ते १९५० मध्ये आठ ते दहा नावे हवीत. पाचच असतील तर मधली गळाली आहेत. चौदा असतील तर भाऊ किंवा दत्तक एकाखाली एक लिहिले गेले आहेत. नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याच्या चालीने दोन कान्होजी एक होतात, तोही घोळ नेहमीचा.

गोव्याचे प्रकरण वेगळे आहे, कारण तिथे खरोखरची युरोपीय चिन्हे घरांच्या दर्शनी भागावर आहेत. पोर्तुगालच्या राजाकडून चिन्हाचे पत्र मिळत असे. लिस्बनमधली त्याची जुनी दफ्तरे १७५५ च्या भूकंपात आणि आगीत नष्ट झाली, म्हणून त्याआधीचे दान सिद्ध करणे अवघड जाते. धर्मांतराच्या वेळी अनेकांना धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव मिळाले. तेव्हा मिरांडा किंवा मेनेझिस आडनाव आहे म्हणून पोर्तुगालातल्या मिरांडांची ढाल आपली, हे तिथेही चालत नाही. पणजीचे पुराभिलेख दफ्तर १५९५ पासूनचे आहे आणि दियोगु दो कोतु हा त्याचा पहिला रखवालदार. गोवेकरांनी चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींबरोबर ते पाहावे.

एखाद्या चांदीच्या भांड्यावर किंवा जुन्या लेटरहेडवर रंगाविना ढाल कोरलेली मिळाली तर रंग रेघांत वाचता येतात. ही पद्धत सतराव्या शतकापासूनची आहे: ठिपके सोने, कोरे चांदी, उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, आपल्या डावीकडून वरून उजवीकडे खाली येणाऱ्या तिरक्या हिरवा, उभ्या-आडव्या जाळीचा काळा. ढालीची ‘उजवी’ बाजू ती धरणाऱ्याची उजवी, म्हणजे पाहणाऱ्याची डावी. आणि शिरस्त्राणावरच्या तुऱ्याला ‘क्रेस्ट’ म्हणतात. संपूर्ण चिन्हाला तो शब्द वापरणारा विक्रेता दिसला की पैसे देऊ नका.

राहिला वापर. भारतात वंशचिन्हे देणारी किंवा नोंदणारी कोणतीही संस्था नाही, त्यामुळे ‘सरकारमान्य कुलचिन्ह प्रमाणपत्र’ कोणी विकत असेल तर तो कागद कुचकामी आहे. स्वतःचे चिन्ह रचून लग्नपत्रिकेवर छापायला आडकाठी नाही, मात्र त्यात सारनाथचे सिंह किंवा त्यांच्याशी गल्लत होईल असे काही घेऊ नका, २००५ चा कायदा त्यासाठीच आहे. जुन्या शिक्क्याचा ठसा वापरायचा असेल तर तो पत्रिकेवर खुशाल छापा आणि खाली मालकाचे नाव व साल द्या. मात्र व्यवहाराच्या कागदांवर तो उमटवू नका, नाहीतर पुढच्या शोधकाला तुमचा कागद अठराव्या शतकातला वाटेल.

तुम्ही ब्रिटिश नागरिक असाल तर कॉलेज ऑफ आर्म्सकडे नवे चिन्ह मागता येते. त्या संस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या अर्ल मार्शलच्या नावे अर्ज, सोबत शिक्षण-कामाचा तपशील आणि फी. परवानगी मिळाली की तिथला अधिकारी तुमच्याशी बोलून रचना करतो आणि शेवटी चर्मपत्रावर सनद मिळते. स्कॉटलंडमध्ये अर्ज लॉर्ड लायनकडे जातो. कॅनडातल्या नातेवाइकांसाठी १९८८ पासून तिथली स्वतंत्र संस्था आहे. अर्जात ‘प्राचीन कुलचिन्ह’ असा दावा करू नका. हे नवे दान आहे आणि तसेच नोंदले जाईल. रचनेसाठी मात्र शिक्क्याचा घाट, नांगराची निशाणी, कुलदैवताचे आयुध असा अस्सल माल सोबत न्या, प्रत्येकाच्या मूळ कागदाच्या फोटोसह. मजकूर ढालीवर घालायला ते सहसा राजी नसतात, म्हणून शिक्क्यातले शब्द खालच्या फितीवर ब्रीद म्हणून मागा.